नव्या माणसांत हातवारे कसे वाचायचे, कसे वापरायचे : नवख्यांसाठी मार्गदर्शक

माझं काम चौकशीच्या खिडकीवर बसण्याचं. समोर येणाऱ्या बऱ्याच जणांची भाषा मला येत नाही आणि माझी त्यांना येत नाही. शब्द अडले की दोन्हीकडचे हात पुढे सरसावतात आणि बहुतेक वेळा काम होऊन जातं. पण घोटाळा होतो तोही बऱ्याचदा हातांमुळेच. एकाने खूण केलेली असते एका अर्थाने, दुसऱ्याने घेतलेली असते भलत्याच अर्थाने, आणि दोघांनाही वाटत असतं की आपलं ठरलं.

परदेशी शिकायला किंवा नोकरीला निघालेले, ठिकठिकाणच्या लोकांबरोबर नव्यानेच काम करू लागलेले, शिक्षक, परिचारिका, काउंटरवर बसणारे, अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट यात पुन्हा पुन्हा येईल, ती आधीच सांगते : खूण कधी एकटी वाचू नका, आणि पोच मिळाल्याशिवाय ती पोचली असं धरू नका.

हाताशी काय ठेवायचं

- खिशात मावणारी वही. नवी खूण दिसली की ती कोणी केली, कुठे, काय बोलताना केली आणि पुढे काय झालं, एवढं लिहा. अर्थ लगेच लिहू नका, त्याची जागा कोरी सोडा.
- फोनचा कॅमेरा, स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करण्यासाठी. दुसऱ्याचं रेकॉर्डिंग त्याला विचारल्याशिवाय करायचं नाही.
- कोरा कागद आणि जाड पेन. आकडे, वेळा आणि दिशा यांसाठी.
- तिथला एक ओळखीचा माणूस, ज्याला "ही खूण इथे चालते का?" असं न लाजता विचारता येईल. चारही गोष्टींत ही सगळ्यात मोलाची.

१. आधी खुणेचा प्रकार ओळखा

पॉल एकमन आणि वॉलेस फ्रीसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये अंगाच्या हालचालींची एक विभागणी मांडली. रोजच्या वापराला ती आजही सोयीची आहे.

पहिला प्रकार ठरीव खुणांचा. अंगठा वर करणं, ओठांवर बोट ठेवून गप्प करणं, हात हलवून निरोप देणं. या खुणा शब्दाऐवजी चालतात, एक अक्षर न बोलता. त्या शिकाव्या लागतात आणि जागा बदलली की अर्थ बदलू शकतो.

दुसरा प्रकार बोलण्याबरोबर आपोआप येणाऱ्या हातवाऱ्यांचा. "एवढं मोठं खोकं होतं" म्हणताना दोन्ही हात फाकतात, मुद्द्यावर जोर देताना हात वरखाली आपटतो. यांचा कोश करता येत नाही. आवाज बंद केला तर त्यांचा अर्थही जवळजवळ नाहीसा होतो.

तिसरा प्रकार संभाषण सांभाळणाऱ्या हालचालींचा : "थांब, माझं संपलेलं नाही" म्हणून उचललेलं बोट, "हं, पुढे बोल" म्हणून हललेली मान. चौथा म्हणजे चाळे. अंगठी फिरवणं, पेनचं टोपण उघडझाप करणं, केसांत बोटं फिरवणं. एकमन-फ्रीसन यांच्या यादीत पाचवा प्रकार चेहऱ्यावर उमटणाऱ्या भावनांचा आहे.

हे वर्गीकरण पाठ करायची गरज नाही. उपयोग एवढाच की कशाचं काय करायचं ते कळतं. ठरीव खुणेचा अर्थ विचारून घ्यायचा. हातवारा शब्दांबरोबर वाचायचा. संभाषण सांभाळणारी हालचाल दिसली की तिला मान द्यायचा, म्हणजे थांबायचं किंवा बोलायचं. आणि चाळे सोडून द्यायचे.

२. हात आणि शब्द एकत्र बघायला शिका

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. नवखी माणसं खुणांच्या याद्या पाठ करतात आणि हीच गोष्ट करत नाहीत.

कोणाला तरी गोल जिन्याबद्दल विचारा आणि त्याचे हात बघा. "तिथून एक... गोल जिना वर जातो." 'एक' म्हणून तो जरासा थांबला की त्याच क्षणी हात मांडीवरून उठतो, तर्जनी वर होते. 'गोल' या शब्दावर बोट हवेत वळसे घेत वर चढतं. वाक्य संपलं की हात पुन्हा मांडीवर. तयारी, मुख्य हालचाल आणि परतणं असे या हालचालीचे टप्पे असतात. ॲडम केंडन आणि डेव्हिड मॅकनील यांनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केला. मुख्य हालचाल तिच्या शब्दाबरोबर किंवा त्याच्या किंचित आधी येते, शब्द उलटून गेल्यावर क्वचितच. म्हणून शब्द अडलेल्या माणसाच्या हाताकडे बघितलंत तर तो कोणता शब्द शोधतो आहे याचा अंदाज येतो. मी तो शब्द प्रश्न म्हणून पुढे करते, "जिना?" आणि पुढचं बोलणं सुरळीत होतं.

हातांत कधी कधी शब्दांत नसलेली माहिती असते. सुझन गोल्डिन-मेडो यांच्या अभ्यासातलं एक उदाहरण शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखं आहे. लहान मुलासमोर एका उंच ग्लासातलं पाणी पसरट भांड्यात ओततात आणि विचारतात, पाणी तेवढंच आहे की बदललं? मूल म्हणतं, "बदललं, कारण हे खाली आहे." बोलतं ते उंचीबद्दल, पण त्याच वेळी त्याचे हात भांड्याची रुंदी दाखवत असतात. तोंडाने एक आणि हाताने दुसरंच सांगणारी अशी मुलं पुढे शिकवल्यावर ती गोष्ट लवकर आत्मसात करतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे उत्तर चुकलेलं असतं, पण बरोबर उत्तराचा अर्धा भाग हातात आलेला असतो. अशा वेळी "चूक" म्हणून पुढे जाण्याऐवजी "हाताने काय दाखवलंस ते पुन्हा सांग" म्हणावं.

दवाखान्यात हेच वेगळ्या रूपात दिसतं. "छातीत दुखतंय" हे शब्द तेच, पण एक जण एका बोटाने नेमका ठिपका दाखवतो, दुसरा मूठ आवळून छातीच्या मधोमध धरतो. ही दुसरी खूण सॅम्युअल लेव्हिन या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या नावाने ओळखली जाते, आणि डॉक्टर तिची दखल घेतात. पण तेवढ्यावर निदान करत नाहीत. मूठ नाही म्हणून हृदय ठीक आहे, असं कोणताही शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. खुणेचं वजन किती धरायचं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही : ती धागा देते, निकाल देत नाही.

हातवारे समोरच्याला दाखवण्यासाठीच असतात असंही नाही. आपण फोनवर बोलतानाही हात हलवतो. १९९८ मध्ये नेचर या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात जन्मापासून दृष्टिहीन असलेली मुलंही बोलताना हातवारे करतात, आणि समोरचा दृष्टिहीन आहे हे माहीत असतानाही करतात, असं दिसलं. हात बोलणाऱ्याला विचार करायला मदत करतात. तेव्हा कोणाला, विशेषतः मुलांना, "हात हलवू नकोस, नीट बोल" असं कृपा करून सांगू नका. हात बांधले तर जागा, आकार, दिशा यांबद्दलचं बोलणं अडखळतं.

सराव असा करा. ओळखीच्या जागेचा रस्ता समजावून सांगतानाचं स्वतःचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या. आधी आवाज बंद करून बघा आणि काय कळतं ते लिहा. मग आवाजासह बघा. दोन्हींतला फरक वहीत आला की दुसऱ्यांचे हात वाचताना तुम्ही आपोआप सावध होता.

३. 'हो' आणि 'नाही' पहिल्याच दिवशी पक्कं करा

मान वरखाली म्हणजे होकार आणि आडवी म्हणजे नकार, हे जगभर सारखं आहे असं आपण धरून चालतो. तसं नाही. बल्गेरियात मान आडवी हलली तर 'हो' आणि वर झटकली तर 'नाही'. त्यात तिथले काही लोक परदेशी माणसाशी बोलताना त्याच्या सोयीसाठी आपली पद्धत उलटी करतात, त्यामुळे गोंधळ दुप्पट होतो. ग्रीस आणि तुर्कस्तानात मान मागे टाकून भुवया वर केल्या, सोबत जिभेने च्यक् असा आवाज केला, की नकार. त्याच वर गेलेल्या भुवया फिलिपिन्समध्ये होकाराच्या असतात.

आणि आपली डुलणारी मान! खांद्याकडे हलकेच इकडून तिकडे झुकणारी ही मान आपल्याला 'बरं', 'कळलं', 'चालेल', 'ऐकतोय' असं सगळं सांगते. बाहेरच्या माणसाला ती नकारासारखी किंवा अनिश्चिततेसारखी दिसते. ही सवय मोडायची गरज नाही. फक्त मान डुलवताना तोंडाने 'हो' म्हणा.

काम महत्त्वाचं असेल तर 'हो-नाही'ने उत्तर देता येईल असा प्रश्नच टाळा. "उद्या येणार ना?" असं विचारलं की मान हलते आणि आपण आपल्याला हवा तो अर्थ घेतो. "उद्या किती वाजता येणार?" असं विचारा. आणखी एक, 'ना' जोडलेले प्रश्न परक्या माणसाला विचारू नका. "तुम्हाला नकोय ना?" या प्रश्नावर हललेल्या मानेचा अर्थ दोन्हीकडून लावता येतो.

४. दिशा, बोलावणं आणि आकडे

बोट दाखवणं ही माणसाची फार लवकर येणारी खूण. मूल साधारण वर्षाचं होता होता, पहिल्या शब्दांच्या आसपासच, ते बोट दाखवू लागतं. तरी मोठेपणी ती जपून वापरावी लागते. वस्तूकडे किंवा रस्त्याकडे बोट दाखवलं तर सहसा कोणी रागावत नाही, पण माणसाकडे रोखलेलं बोट बऱ्याच ठिकाणी उद्धट दिसतं. उघडा तळहात वापरा, तो बहुतेक ठिकाणी चालतो. मलेशिया आणि इंडोनेशियात मूठ मिटून अंगठ्याने दिशा दाखवणं सभ्य समजतात. लाओसमध्ये आणि फिलिपिन्समध्ये लोक ओठ पुढे काढून दिशा दाखवतात, तेव्हा त्यांच्या हाताकडे बघत राहाल तर उत्तर निसटेल. घानामध्ये डाव्या हाताने दिशा दाखवणं असभ्य मानतात. वस्तू देताना-घेतानाही डावा हात अनेक देशांत टाळतात, म्हणून डावखुऱ्यांनी याची खास काळजी घ्यावी.

बोलावण्याचं असं आहे. आशियात बऱ्याच ठिकाणी तळहात खाली करून बोटं आपल्याकडे ओढतात. अमेरिकेत आणि उत्तर युरोपात तळहात वर असतो. आपण बोलावतोय आणि समोरच्याला वाटतंय की त्याला जायला सांगतोय, असं होऊ शकतं. एकटी तर्जनी वाकवून माणसाला बोलावणं कुठेच सवयीचं करू नका. फिलिपिन्ससारख्या देशांत तो अपमान आहे.

बोटांवरचे आकडे तर फारच फसवे. जर्मनीत मोजणी अंगठ्यापासून सुरू होते, म्हणजे अंगठा आणि तर्जनी उभी केली की दोन. चीनमध्ये एका हातावर दहापर्यंत आकडे दाखवतात आणि तिथे अंगठा-तर्जनी म्हणजे आठ. जपानमध्ये मोजताना उघड्या हाताची बोटं अंगठ्यापासून मिटत नेतात. पैसे, वेळ, गोळ्यांची संख्या, खोली क्रमांक असं काहीही असलं तरी आकडा कागदावर लिहा. माझ्या खिडकीवर हा नियम मी कधीच मोडत नाही.

काळाच्या दिशासुद्धा गृहीत धरू नका. पुढचा आठवडा म्हणताना आपला हात पुढे जातो. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातली आयमारा भाषा बोलणारे, विशेषतः जुनी माणसं, भविष्यासाठी हात पाठीमागे नेतात आणि भूतकाळ समोर दाखवतात. जे घडून गेलं ते दिसलेलं आहे म्हणून डोळ्यांसमोर, जे यायचं ते दिसत नाही म्हणून पाठीशी. २००६ मध्ये यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुम्हाला आयमारा माणूस भेटेलच असं नाही, पण तारीख हाताने न सांगता बोलून किंवा लिहून सांगावी, एवढं यातून घ्या.

५. या खुणा जपून

अंगठा वर. बऱ्याच जगात 'छान' किंवा 'ठीक'. इराण आणि इराकमध्ये पारंपरिक अर्थ अश्लील आहे, जरी फोनमुळे नवा अर्थ तिथेही पसरला आहे. हालचालही बघा : तोच अंगठा डावी-उजवीकडे नाचवला की आपल्याकडे ठेंगा होतो.

अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. अमेरिकेत 'ठीक', फ्रान्समध्ये 'शून्य, टाकाऊ', जपानमध्ये 'पैसे', ब्राझील आणि तुर्कस्तानात शिवी. अमेरिकेतल्या अँटी-डिफेमेशन लीग या संस्थेने २०१९ मध्ये द्वेषचिन्हांच्या यादीतही ही खूण घेतली. बहुतेक लोक अजूनही ती साध्या अर्थाने करतात, पण अनोळखी माणसांत, फोटोत, मी ती टाळते.

दोन बोटांचा 'व्ही'. जानेवारी १९४१ मध्ये बेल्जियन नेते व्हिक्टर द लाव्हले यांनी बीबीसीवरून हे अक्षर प्रतिकाराचं चिन्ह म्हणून सुचवलं आणि चर्चिल यांच्या हाताने ते जगभर गेलं. तळहात समोरच्याकडे असेल तर काही अडचण नाही. तळहात स्वतःकडे वळला तर ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलियात ती शिवी होते. दोन चहा सांगतानाही हे ध्यानात ठेवा.

पाचही बोटं फाकवून समोर केलेला तळहात. आपल्याला 'थांबा' किंवा 'पाच'. ग्रीसमध्ये तो समोरच्याच्या तोंडावर केला तर जुनी आणि जड शिवी.

पाचही बोटांची टोकं वर जुळवलेली मूठ. इटलीत 'काय म्हणतोयस तरी काय?', इस्रायलमध्ये आणि अरब देशांत 'जरा थांब, धीर धर'. २०२० मध्ये हिची इमोजी आली आणि घोटाळा फोनमध्येही शिरला.

यादी इथेच थांबवते. देशाप्रमाणे याद्या पाठ करण्यापेक्षा पहिले काही दिवस ठरीव खुणा करायच्याच नाहीत, हा उपाय जास्त टिकतो. बघा, वहीत टिपा, ओळखीच्या माणसाला विचारा, मग वापरा. आणि चुकून एखादी झालीच तर लगेच हात खाली घेऊन शब्दांत माफी मागा. बहुतेक लोक परक्या माणसाला समजून घेतात.

६. पोच द्या, पोच घ्या

ज्या कामांत खुणांवर जीव किंवा निकाल अवलंबून असतो, तिथली माणसं खूण करून मोकळी होत नाहीत. क्रिकेटचा पंच दोन्ही हात वर करून षटकाराची खूण करतो, आणि गुणलेखकाने पोच म्हणून परत खूण करेपर्यंत पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही, असं खेळाच्या नियमांतच आहे. पाण्याखाली डायव्हर बोटांचं वर्तुळ करतो तेव्हा ते विधान नसतं, "ठीक आहेस ना?" असा प्रश्न असतो. जोडीदाराने तीच खूण परत करायलाच हवी. ठीक नसेल तर तो पंजा आडवा धरून डोलवतो आणि मग त्रास कुठे आहे ते दाखवतो, कानाकडे किंवा टाकीकडे. तिथे अंगठा वर म्हणजे 'छान' मुळीच नाही. अंगठा वर म्हणजे 'वर चला'.

रोजच्या बोलण्यात आपण ही शिस्त पाळत नाही आणि तिथेच फसतो. पाळायला ती सोपी आहे :

- महत्त्वाची खूण केली की समोरच्याने ती शब्दांत परत सांगेपर्यंत थांबा. "म्हणजे उजवीकडून दुसरं दार, बरोबर?"
- तुम्हाला खूण झाली तर तुम्हीही तसंच परत सांगा.
- समोरचा नुसताच हसून मान हलवत असेल तर ती पोच धरू नका. न कळलेला माणूसही सभ्यपणे हसतो आणि मान हलवतो. मी अशा वेळी "कळलं का?" असं विचारत नाही, "आता आधी कुठे जाणार तुम्ही?" असं विचारते.
- 'मिळालं' आणि 'मान्य आहे' या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

हा शेवटचा मुद्दा किती महाग पडू शकतो ते कॅनडात दिसलं. सस्कॅचेवान प्रांतातल्या एका शेतकऱ्याला २०२१ मध्ये जवस विकण्याच्या कराराचा फोटो फोनवर आला, सोबत "करार नक्की करा" असा निरोप. त्याने अंगठ्याची इमोजी पाठवली. माल गेला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, अंगठा म्हणजे फक्त 'करार मिळाला'. २०२३ मध्ये न्यायालयाने तो अंगठा संमती मानला आणि सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. वरच्या न्यायालयानेही २०२४ मध्ये तोच निकाल ठेवला. तेव्हा कामाच्या निरोपाला अंगठा पाठवण्याआधी दोन शब्द टाइप करा : "मिळालं, वाचून कळवते" किंवा "मान्य आहे". हे दोन शब्द वेळ घेत नाहीत.

७. स्वतःचे हात कसे वापरायचे

हात छातीच्या आणि कमरेच्या मध्ये, दिसतील असे ठेवा. खिशात किंवा टेबलाखाली नकोत. अनोळखी माणसाला हात दिसले की बरं वाटतं.

आकार, जागा, क्रम आणि तुलना या चार गोष्टींसाठी हात मोकळेपणाने वापरा. दोन पर्याय सांगताना पहिला डाव्या बाजूला 'ठेवा', दुसरा उजव्या बाजूला, आणि नंतर त्यांचा उल्लेख करताना त्याच बाजूला हात न्या. ऐकणाऱ्याला हे फार सोपं जातं, विशेषतः भाषा कच्ची असेल तर. फक्त बाजू मध्येच बदलू नका.

हालचाल झाली की हात क्षणभर तिथेच धरा. घाईत मागे घेतलेला हातवारा दिसतच नाही. आणि प्रत्येक शब्दाला हात हलवू नका, नाहीतर महत्त्वाचा हातवारा बाकीच्यांत हरवतो.

समोरासमोर बसलेल्या माणसाला डावं-उजवं सांगताना तुमची आणि त्याची बाजू उलट असते. शक्य असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून, त्याच्याच दिशेने तोंड करून दाखवा.

८. पडद्यावरचे हात

व्हिडिओ कॉलमध्ये चौकट छातीवर कापली जाते, म्हणून हात खांद्याच्या उंचीला आणावे लागतात. कॅमेऱ्याच्या अगदी जवळ नेलेला हात अवाढव्य दिसतो, तेव्हा जरा मागे बसा. स्वतःची छबी बहुधा आरशासारखी उलटी दिसते पण इतरांना सरळ दिसते. त्यामुळे पडद्यावर दाखवून 'डावीकडचा' म्हणू नका, नाव घ्या. आवाज आणि चित्र मागेपुढे होत असल्याने मध्ये बोलायचं असेल तर नुसता हात न उचलता बैठकीतलं 'हात वर'चं बटण वापरा.

एक तांत्रिक सापळा. ॲपलच्या उपकरणांवर २०२३ पासून काही खुणा ओळखून आपोआप चित्रं उडतात : अंगठा वर केला की बुडबुड्यात अंगठा, एका हाताने 'व्ही' केला की फुगे. शोकसभेत, समुपदेशनात किंवा मुलाखतीत हे फार वाईट दिसतं. कॉलच्या आधी व्हिडिओच्या सेटिंगमध्ये जाऊन ही सोय बंद करा.

९. यांत अडकू नका

"संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना असतो." हे वाक्य प्रशिक्षणाच्या वर्गांत इतकं ऐकवलं जातं की खरं वाटू लागतं. मूळ आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले : ७ टक्के शब्द, ३८ टक्के आवाज, ५५ टक्के चेहरा. प्रयोग होता सुटे शब्द, आवाजाचे सूर आणि चेहऱ्यांचे फोटो यांचा, आणि प्रश्न होता बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही एवढाच. हातवारे त्यात नव्हतेच. सगळ्या बोलण्याला हे लागू नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच सांगितलं आहे. शब्द महत्त्वाचे आहेत. ते सोडून हातांच्या मागे लागू नका.

हाताची घडी म्हणजे मनाचं दार बंद, नाकाला हात लावला म्हणजे खोटं, नजर चुकवली म्हणजे चोरी. हे सगळं सोडून द्या. घडी थंडीत घालतात, खुर्चीला हात नसले तरी घालतात, सवयीनेही घालतात. २००६ मध्ये चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी खोटं ओळखण्यावरचे शेकडो अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा माणसांचा अंदाज सरासरी ५४ टक्के वेळा बरोबर निघाला. नाणं उडवलं तर ५० टक्के. मुलाखत घेणाऱ्यांनी आणि शिक्षकांनी तरी हा आकडा विसरू नये, कारण त्यांच्या अंदाजावर दुसऱ्याचं भवितव्य ठरतं.

हात कमी हलतात किंवा नजर भिडत नाही म्हणून माणूस तुटक आहे असं ठरवू नका. पार्किन्सनमध्ये हातवारे आणि चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. स्वमग्न व्यक्तीला नजर देणं त्रासाचं असू शकतं. कोणाच्या खांद्याला दुखापत असते. माणसाची नेहमीची पद्धत आधी बघा, मग त्यात काही बदल झाला का ते बघा.

१०. बहिऱ्यांची भाषा म्हणजे हातवारे नव्हेत

नवखे इथे हमखास घोटाळा करतात. सांकेतिक भाषांना स्वतःचं व्याकरण असतं. विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेचं भाषाशास्त्रीय विश्लेषण मांडल्यापासून हे मान्य झालेलं आहे. ती जगभर एकही नाही : अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा बोलणाऱ्यांना एकमेकांचं समजत नाही, दोन्हीकडे इंग्रजी असूनही. म्हणून बहिऱ्या माणसासमोर मनाने खुणा रचून ती त्याची भाषा असल्यासारखं वागू नका. तोंड उजेडात ठेवा, नजर त्याच्याकडे ठेवा, कागद पुढे करा आणि त्याला कसं बोलायला सोयीचं जाईल ते विचारा. सोबत दुभाषा असेल तर बोलायचं त्या माणसाशी, दुभाष्याशी नाही.

११. मदत मागणारी खूण ओळखा

दोन खुणा सगळ्यांना यायलाच हव्यात. पहिली, दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरणं : घास अडकून श्वास कोंडला आहे. अशा माणसाला बोलता येत नाही. "घास अडकलाय का?" एवढं विचारा. त्याने होकार दिला तर लगेच मदत करा आणि दुसऱ्या कोणाला आपत्कालीन क्रमांकावर फोन करायला सांगा.

दुसरी खूण कॅनेडियन विमेन्स फाउंडेशनने एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या टाळेबंदीत घरात कोंडल्या गेलेल्या बायकांसाठी आणली. तळहात समोर, अंगठा आत दुमडलेला, मग चार बोटं त्यावर मिटलेली. अर्थ : माझ्यावर अत्याचार होतोय, माझ्याशी संपर्क साधा. ही दिसली तर "काय झालं?" असं मोठ्याने विचारू नका, कारण त्रास देणारा जवळच असू शकतो. बोलणं नेहमीसारखं चालू ठेवा. नंतर तिला एकटीला गाठून, किंवा फोनवर, 'हो-नाही'त उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. इथे मात्र तेच प्रश्न उपयोगाचे : "पोलिसांना कळवू का?", "मी पुन्हा फोन करू का?" पुढचं काय करायचं ते तिला ठरवू द्या. जीव धोक्यात आहे असं दिसत असेल तर मात्र न थांबता आपत्कालीन क्रमांकावर कळवा.